बेदाण्याच्या शेडमधला ब्लोअर आणि अर्धा मिलीअँप

तासगाव पट्ट्यात द्राक्षाला औषध मारायचे ट्रॅक्टरवरचे ब्लोअर बनवणारा एक छोटा कारखाना आहे, नाव घेत नाही, त्यांच्या ब्लोअरवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स असतो आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्यांचा जोर वाढला की त्या बॉक्सच्या तक्रारी ठरलेल्या. डावी बाजू सुरूच होत नाही, टाकी भरलेली असताना टाकी रिकामी दाखवतं, पीटीओचं, म्हणजे ट्रॅक्टरमधून मशीनला ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टचं, गार्ड नीट लावलेलं असताना गार्ड उघडं म्हणून पंप बंद. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे कारखान्यात मशीन आणलं की सगळं ठीक. बॉक्स बदलून दिला, हार्नेस म्हणजे वायरांची जुडी बदलून दिली, तरी पुढच्या हंगामात तेच. मग ते काम कुपवाडला आमच्याकडे आलं, की बाबा नवीन बोर्ड काढा पण आधी कारण सांगा.

आधी मशीन समजून घ्या. ब्लोअरवर एकूण १४ स्विच. नोझलच्या दोन्ही बाजूंचे हात उघडे की मिटलेले ते सांगणारे मायक्रोस्विच, केबिनमधले डावी-उजवी बाजू चालूबंद करायचे स्विच, पीटीओ गार्डचा स्विच, फिल्टरच्या झाकणाचा, पंपाच्या लाइनवर प्रेशर स्विच, टाकीत फ्लोट, असं सगळं. सगळे स्विच एका टोकाला चॅसीला म्हणजे ग्राउंडला आणि दुसऱ्या टोकाला बोर्डवर. जुन्या बोर्डवर प्रत्येक वायर १० किलोओहमच्या पुल-अपने, म्हणजे वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरने, ५ व्होल्टला बांधलेली आणि सरळ मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपच्या, पिनला. म्हणजे स्विच मिटला की त्यातून वाहणार किती, तर ५ भागिले १० हजार, अर्धा मिलीअँप. कागदावर यात काहीच चूक नाही, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळे असंच करतात, टेबलवर चालतंही झकास.

"सायेब स्विच खराब नाय ओ, बॉक्सच खराब हाय, पान्यानं दोन ठोकं दिलं की चालतंय" असं एका बागायतदार काकांनी सांगितलं. खरं तर ठोक्याने बरं होतंय म्हणजे बॉक्स नाही, कॉन्टॅक्टच गडबड करतोय, पण कारखान्यात हे कुणी ऐकायला तयार नव्हतं कारण स्विच ५ अँप २५० व्होल्टचा, चांगल्या कंपनीचा, आणि मीटरवर बझर वाजतोय की!

कोणतं मशीन कुठं उभं असतं

सर्व्हिसच्या वहीत तक्रारी होत्याच, आम्ही फक्त प्रत्येक मशीन हंगाम नसताना कुठं उभं असतं ते फोन करून विचारलं. सगळ्यांचा अंदाज होता की पावसात बाहेर उभी राहणारी मशीनं आधी बिघडत असणार. झालं उलटंच. लिंबाखाली उघड्यावर उभी असलेली मशीनं गंजलेली होती पण स्विच बरे होते, आणि ज्यांनी मशीन जपून बेदाण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं त्यांच्याच तक्रारी जास्त.

सांगली जिल्ह्यात हे शेड माहीत नाही असा माणूस नाही. पिवळा रंग टिकायला बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्याचं गंधक तिथंच, शिवाय भुरीवर मारायच्या ८० टक्के गंधकाच्या पिशव्याही त्याच कोपऱ्यात, एखादी फुटलेली, आणि वर एप्रिल-मे महिन्यातला तापलेला पत्रा. गंधक साध्या तापमानाला सुद्धा थोडंथोडं वाफ होऊन उडतं आणि ऊन वाढेल तसं जास्त उडतं, ती वाफ चांदीला लागली की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. घरातल्या चांदीच्या निरांजनाचं जे होतं तेच, फक्त इथं ते मायक्रोस्विचच्या आत, मोहरीएवढ्या कॉन्टॅक्टवर. हे इतकं खात्रीचं आहे की चांदी किंवा तांब्यावर चढवलेल्या सोन्यासारख्या थराला बारीक छिद्रं आहेत का ते बघायला बंद भांड्यात गंधकाची पूड आणि ओलावा ठेवून करायची प्रमाणित चाचणीच आहे. आमच्या बागायतदारांनी ती चाचणी शेडच्या मापाची करून ठेवली होती एवढंच.

शेडमधल्या मशीनचा नोझलच्या हाताचा स्विच काढून आणला आणि झाकण न उघडता आधी मोजला, कारण उघडताना कॉन्टॅक्ट हलला, घासला गेला की पुरावाच गेला. साध्या मल्टिमीटरने दाबून धरलेला स्विच कधी ३० किलोओहम, कधी ८, सोडून परत दाबला की २ ओहम, आणि बझर वाजला. म्हणूनच कारखान्यात सगळं ठीक दिसायचं, तिथं तपासणारा माणूस स्विच चार वेळा टकटक करूनच मीटर लावत होता आणि त्या टकटकीतच कॉन्टॅक्ट घासून साफ होत होता. जुन्या बोर्डचं गणित केलं तर मायक्रोकंट्रोलर पिनला ५ व्होल्टच्या साधारण ३० टक्के म्हणजे १.५ व्होल्टच्या खाली आणल्याशिवाय शून्य मानत नाही, १० किलोओहमच्या पुल-अपसोबत ते जमायला कॉन्टॅक्ट ४.३ किलोओहमच्या आत पाहिजे. ८ किलोओहमला तो स्विच बोर्डच्या दृष्टीने उघडाच.

मग झाकण उघडलं, भिंगाखाली धरलं. चांदीच्या टिकलीवर काळपट निळसर थर आणि मधोमध जिथं आमच्या दाबण्याने घासा बसला तिथं एक चकचकीत ठिपका.

चांदीला करंट का लागतो

५ अँपचा स्विच म्हणजे अर्धा मिलीअँप तर सहज घेईल, असं सगळ्यांना वाटतं. पण पॉवर स्विचला वरची मर्यादा असते तशी खालची पण असते, आणि ती डेटाशीटमध्ये किमान लोड म्हणून कुठंतरी खालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेली असते. चांदीच्या कॉन्टॅक्टच्या बऱ्याच मायक्रोस्विचला ती ५ व्होल्ट डीसीला १६० मिलीअँप सांगतात, आणि तोच स्विच सोन्याच्या कॉन्टॅक्टमध्ये घेतला तर ५ व्होल्टला १ मिलीअँप. स्विच बाहेरून सारखाच दिसतो, पार्ट नंबरमध्ये एकदोन आकडे वेगळे. खरेदीवाल्याने ५ अँपचा जास्त दणकट म्हणून तो घेतला, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ती ओळ कुणी वाचतच नाही.

थर तोडायला दोन गोष्टी लागतात, आधी व्होल्टेज आणि मग करंट. पातळ थरावर पुरेसं व्होल्टेज आलं की थर एका ठिकाणी फुटतो आणि तिथून करंट वाहायला लागतो, आणि करंट पुरेसा असेल तर तो ठिपका तापून मऊ होतो, पसरतो, धातूला धातू लागतो. चांदी संपर्कावर साधारण ०.०९ व्होल्ट असताना मऊ पडायला लागते आणि ०.३७ व्होल्टला वितळते, त्यामुळे थर फुटल्यावर कॉन्टॅक्टवरचं व्होल्टेज आपोआप त्याच्या आत कुठंतरी येऊन स्थिर होतं. आम्ही टेबलवर १२ व्होल्ट लावून करंट १६ मिलीअँपला बांधला आणि शेडमधले, न टकटकवलेले स्विच एकेक दाबले, बहुतेक स्विच क्षणात २००-३०० मिलीव्होल्टला येऊन थांबले. तेच ५ व्होल्ट आणि अर्ध्या मिलीअँपवर काही स्विच फुटायलाच तयार नाहीत, आणि जे फुटले ते पण लुकलुकत राहिले, कारण ठिपका पसरायला करंटच नाही. हा जो थर तोडायला दिलेला करंट, त्याला वेटिंग करंट म्हणतात आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे.

मग काय काय करता येतं

कारखान्याच्या मालकांचं पहिलं म्हणणं, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा प्रत्येक ग्राहकाला देऊन टाकू. ते बाजूला ठेवलं.

दुसरा मार्ग सगळ्यांना सुचतो तो, पुल-अप लहान करा आणि १२ व्होल्टला बांधा. ६८० ओहम घेतला तर १२ व्होल्टला १७-१८ मिलीअँप मिळतात, पिनवर झेनर लावून ५ व्होल्टला अडवलं की झालं. थर तुटतो, खर्च पैशांत. पण ट्रॅक्टर चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट असतात, तेव्हा त्या एका रेझिस्टरमध्ये ०.२९ वॉट जळतात, पाव वॉटचा रेझिस्टर पुरत नाही, आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डब्यात असे १४ म्हणजे सगळे स्विच मिटलेले असताना ४ वॉट. हे पण निभावलं असतं. खरी गोची वेगळी, हा बॉक्स तास मोजतो आणि स्विच हलला की जागा होतो म्हणून बॅटरीला कायम जोडलेला असतो. उभ्या मशीनवर हात मिटलेले, गार्ड लावलेलं, झाकण बंद, म्हणजे चार स्विच कायम दाबलेले, ७० मिलीअँप सतत, दिवसाला १.७ अँपिअर-तास. काढणी झाली की मशीन महिना-महिना हलत नाही, एका महिन्यात ५० अँपिअर-तास गेले की ट्रॅक्टरची बॅटरी झोपली. मग शेतकरी म्हणणार नवीन बॉक्स बॅटरी खातो, आणि बरोबरच म्हणणार.

तिसरा मार्ग सगळे स्विच सोन्याचे आणि सीलबंद घ्यायचे. हा मला मनापासून आवडतो, पण किंमत वाढते आणि रानात आधीच फिरणाऱ्या मशीनचे १४ स्विच बदलायला कोण जाणार. शिवाय सोन्याचा थर फार पातळ असतो, उद्या एखाद्या मिस्त्रीने त्याच स्विचमधून दिवा लावला तर ठिणगीने सोनं उडून खालचा धातू उघडा, मग आहेच परत पहिले पाढे. धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर हा पण पर्याय आहे, कॉन्टॅक्टच नाही त्यामुळे कटकट नाही, पण तीन वायरी, स्वतःचा करंट, आणि किंमत. हातांच्या जागेसाठी पुढच्या मॉडेलला बघू असं ठरलं.

शेवटी निवडली ती स्विच वाचायची तयार आयसी, म्हणजे चिप. गाड्यांच्या बॉडी कंट्रोल युनिटमध्ये दरवाजे, ब्रेक, वायपर, लाइटचे स्विच वाचायला ही जात वर्षानुवर्षं वापरात आहे, आपल्याकडे मात्र छोट्या कारखान्यात कुणी फारसं बघत नाही. फ्रीस्केलची एमसी३३९७२, जी कंपनी २०१५ च्या शेवटी एनएक्सपीमध्ये गेली, तिच्यात २२ स्विच लागतात, त्यातले ८ ग्राउंडचे किंवा बॅटरीचे असे हवे तसे सेट करता येतात आणि बाकी १४ फक्त ग्राउंडचे. नंतर एनएक्सपीनेच सीडी१०२० काढली, तिच्यात करंटच्या पायऱ्या जास्त. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टिक१२४०० आहे, तिला २४ इनपुट, आत व्होल्टेज मोजणारा १०-बिटचा एडीसी, वेटिंग करंट ०, १, २, ५, १०, १५ मिलीअँप असा निवडता येतो. यातली कुठलीही चालली असती, आमच्याकडे ३३९७२ चं कोड आधीच लिहिलेलं होतं म्हणून ती.

हिची गंमत अशी की स्विच उघडा असताना वायरवर जवळजवळ पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज उभं असतं, स्विच मिटला की आयसी १६ मिलीअँप सोडते, पण फक्त २० मिलीसेकंद, आणि मग २ मिलीअँपवर येते. चूल पेटवताना फुंकणीने जोरात फुंकायचं आणि पेटली की बारीक जाळ ठेवायचा, तसं. थर तोडायला व्होल्टेज पण मिळालं, ठिपका पसरायला करंट पण मिळाला, आणि नंतर फुकट जाळ नाही. ब्लोअरच्या थरथरीत कॉन्टॅक्ट निसटून परत मिटला तर परत २० मिलीसेकंदाचा दणका बसतो, म्हणजे जितकी थरथर तितकी सफाई. मशीन बंद असताना आयसी झोपते, अधूनमधून उठून स्विच बघते, काही बदललं तर इंटरप्टने, म्हणजे एका इशाऱ्याने, मायक्रोकंट्रोलरला उठवते. झोपेत बॅटरीतून घेते साधारण १०० मायक्रोअँप, महिन्याला ७२ मिलीअँप-तास, ६८० ओहमच्या ५० अँपिअर-तासांपुढे हे काहीच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. १६ मिलीअँप हे त्या स्विचच्या कागदावरच्या १६० मिलीअँपच्या खूप खाली आहेत. १२ व्होल्ट असल्यामुळे आणि गाड्यांमध्ये १०-२० मिलीअँपवर चांदीचे स्विच रुळलेले असल्यामुळे आम्ही ते मान्य केलं, पण थर जाड झाला, वर्षानुवर्षं शेडमध्ये साचत गेला, तर आयसी पण हात टेकणार. म्हणून मालकांना लेखी दिलं की नवीन मशीनवर हातांचे मायक्रोस्विच सीलबंदच घ्या, चांदीचे चालतील, पण उघडे नकोत.

बोर्ड करताना जिथं वेळ गेला

उष्णता पहिली. करंटचे सोर्स आयसीच्या आतच आहेत आणि स्विच ग्राउंडला असल्यामुळे बॅटरीचं सगळं व्होल्टेज आयसीच्या पोटातच पडतं. १४ स्विच एकदम मिटले तर १६ मिलीअँपला १४ व्होल्टवर ३.१ वॉट, २ मिलीअँपला ०.४ वॉट. म्हणजे २० मिलीसेकंदाचा टायमर चालू आहे तोवर काही नाही, पण कुणी कोडमध्ये "करंट कायम राहू दे, अजून चांगलं साफ होईल" म्हणून टायमर बंद केला तर आयसी तापून थर्मलचा झेंडा, म्हणजे जास्त तापल्याची सूचना, वर करणार. कोडमध्ये त्या ओळीवर मोठ्ठी टीप लिहून ठेवली आहे, पुढचा माणूस कोण असेल सांगता येत नाही.

ओल दुसरी. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्याचं पाणी कनेक्टरमध्ये गेलं की दोन पिनांमध्ये गळती चालू. जुन्या बोर्डला ४ किलोओहमची गळती म्हणजे स्विच मिटलेला. नवीन आयसी ४ व्होल्टच्या उंबऱ्यावर ठरवते, आणि उघड्या स्विचवर १६ मिलीअँप तयार असल्यामुळे गळती २५० ओहमच्या खाली गेल्याशिवाय फसत नाही. पण इथं एक खाच आहे, स्विच एकदा खरोखर मिटला आणि करंट २ मिलीअँपवर आला, आणि मग उघडला, तर गळती २ किलोओहमपेक्षा कमी असेल तर वायर ४ व्होल्टच्या वर चढतच नाही आणि स्विच मिटलेलाच दिसत राहतो. म्हणून कनेक्टर सीलचे घेतले, मोकळ्या पिनांना डमी प्लग ठोकले. आयसी कितीही हुशार असली तरी मोरचुदाचं पाणी अडवायचं काम रबराचंच.

ग्राउंड तिसरी. विजेवर उघडणारे चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिळून ६ अँप, सगळे चॅसीमार्गे परत, आणि मध्ये वायरच्या टोकाचा एक गंजलेला लग ०.१५ ओहमचा असेल तर ०.९ व्होल्ट तिथंच. जुन्या बोर्डला १.५ व्होल्टच्या हद्दीत हे ०.९ म्हणजे अर्ध्याहून जास्त जागा गेली, वर थोडा काळा थर असला की संपलं, आणि म्हणूनच काही तक्रारी फक्त सोलेनॉइड चालू असतानाच यायच्या. ४ व्होल्टच्या उंबऱ्याला ०.९ चं काही वाटत नाही.

फ्लोट वेगळाच प्राणी. त्यात चुंबकाने मिटणारा रीड स्विच असतो, काचेत सीलबंद, त्याला गंधकाची बाधा नाही. त्याला भीती करंटची. कनेक्टरजवळ ईएसडीसाठी, म्हणजे स्थिर विजेचा झटका झेलायला, ०.१ मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटर ठेवलेला आहे, तो १२ व्होल्टला भरलेला असतो आणि रीड मिटला की सगळा त्यातून एकदम रिकामा होतो, अडवायला फक्त वायर. मोठ्या स्विचला हा चटका चांगलाच, थर तोडायला मदत, पण रीडची पातळ पाती अशाने चिकटतात आणि मग टाकी रिकामी झाली तरी भरलेली दिसते. फ्लोटच्या टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर लावला, चटका ०.१२ अँपला बांधला गेला, आणि त्या चॅनेलला वेटिंग करंट २ मिलीअँपच ठेवला. रेझिस्टर बोर्डवर आयसीच्या बाजूला लावून उपयोग नाही, कॅपॅसिटर आणि रीडच्या मध्येच पाहिजे, प्रोटोटाइपच्या वेळी यावर बरीच हुज्जत झाली.

गार्डचा स्विच सगळ्यात महत्त्वाचा, कारण ५४० आरपीएमने फिरणाऱ्या पीटीओ शाफ्टजवळ माणसाचा सदरा अडकतो. तिथं वायर तुटणं आणि वायर चेपून ग्राउंडला लागणं या दोन्ही गोष्टी कळायला पाहिजेत, साध्या उघड-मिट वाचण्यात वायर ग्राउंडला लागली तर गार्ड लावलेलंच दिसणार. ३३९७२ मध्ये कुठलाही इनपुट एका ॲनालॉग पिनवर आणून मोजायची सोय आहे, ती वापरली. स्विचच्या जागीच, त्याच्या टोपणात, ४७० ओहम सिरीजला आणि १.२ किलोओहम स्विचला समांतर. २ मिलीअँप सोडले की स्विच मिटलेला असताना ०.९४ व्होल्ट, उघडा असताना ३.३४, वायर ग्राउंडला लागली तर शून्याजवळ, वायर तुटली तर व्होल्टेज वर जाऊन टेकतं. २ मिलीअँपच्या सोर्सचा थोडा इकडेतिकडे फरक असतो म्हणून खिडक्या ऐसपैस ठेवल्या, आणि चारपैकी फक्त ०.९४ च्या आसपास असेल तरच पंप चालू, बाकी सगळ्यात बंद. या चॅनेलला फक्त २ मिलीअँप मिळतात म्हणून इथं सोन्याच्या कॉन्टॅक्टचा सीलबंद स्विच, यावर तडजोड नाही, मालकांनी कुरकुर केली पण मान्य केलं.

कोडमध्ये एकच सांगण्यासारखं. कॉन्टॅक्ट मिटताना उड्या मारतो आणि आयसी प्रत्येक बदलाला इंटरप्ट देते, त्यामुळे इंटरप्टवर लगेच निर्णय घ्यायचा नाही, फक्त जागं व्हायचं आणि मग एसपीआयवरून, म्हणजे दोन चिपमधल्या डेटाच्या तारांवरून, २४ बिट सलग तीनदा, १० मिलीसेकंदाच्या अंतराने वाचायचे, तिन्ही सारखे आले तर खरं. नोझल २० मिलीसेकंद उशिरा उघडल्याने कुठल्या घडाचं काही बिघडत नाही.

मध्येच एका साखर कारखान्यातल्या ओळखीच्या मेंटेनन्सवाल्याने विचारलं की आमच्या ऊस उतरवायच्या क्रेनचे लिमिट स्विच पण असेच दगा देतात, तिथं हीच आयसी लावू का. तिथं प्रश्न थोडा वेगळा, पीएलसीचं, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवणाऱ्या कंट्रोलरचं, इनपुट २४ व्होल्टचं असतं, आयईसी ६११३१-२ या मानकाप्रमाणे टाइप १ आणि टाइप ३ ला किमान २ मिलीअँप आणि टाइप २ ला ६ मिलीअँप घेतात, म्हणजे थर फोडायला व्होल्टेज भरपूर पण करंट कमी. त्याला स्विचला समांतर रेझिस्टर नको, इनपुटला समांतर रेझिस्टर लाव म्हणून सांगितलं, २.२ किलोओहम लावला तर २४ व्होल्टला आणखी ११ मिलीअँप स्विचमधून जातात, पाव वॉट जळतं, एक वॉटचा घेतलास की निवांत. पॅनेलला वीज कायम आहे, तिथं बॅटरी मरायची भीती नाही, मग आयसीची काय गरज.

हंगामात काय झालं

नवीन बोर्ड आधी मुद्दाम त्याच शेडवाल्या मशीनवर बसवले, स्विच जुनेच ठेवून, फक्त गार्डचा बदलून. बोर्डमध्ये एक छोटी नोंद पण ठेवली होती, स्विच मिटल्यावर पहिल्या २० मिलीसेकंदात किती वेळा उघडल्यासारखा दिसला त्याची. काळे पडलेले स्विच छाटणीनंतरच्या पहिल्या फवारणीत खूप लुकलुकले आणि नंतरच्या फवारण्यांमध्ये शांत होत गेले, वापरात राहिले की स्वतःच साफ. डावी बाजू सुरू होत नाही ही तक्रार त्या मशीनवरून आली नाही. काकांचा पान्याचा ठोका पण थांबला, तरी ते अजून म्हणतात, बॉक्सच खराब होता.

एका मशीनचा उजवा हात मात्र मिटलेलाच दिसायला लागला. उघडून बघितलं तर कनेक्टरचं रबर सील कुणीतरी दुरुस्तीत काढून परत घातलंच नव्हतं, पिनांवर हिरवं मोरचूद, मोजलं तर दीड किलोओहम गळती, म्हणजे वर लिहिलेली २ किलोओहमची खाच तंतोतंत. सील घातलं, पिना धुतल्या, चाललं.

आता नवीन मशीनवर हाच बोर्ड, सीलबंद मायक्रोस्विच, गार्डला सोन्याचा. जुन्या मशीनवाल्यांना तोच कनेक्टर ठेवून बोर्ड बदलून देतात, हार्नेसला हात लावावा लागत नाही, फक्त फ्लोटच्या टोकाला १०० ओहमवाला तुकडा जोडायचा आणि गार्डचा स्विच बदलायचा. आणि डिलिव्हरीच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे, ब्लोअर गंधकाच्या पिशव्यांजवळ उभा करू नये.